एल्सवुडचे ग्लोव्हज

हे ज्याच्या घरी घडलं, तो आजही बुटीबोरीच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून कामावर जातो. खरं-खोटं त्यालाच विचारून पाहा. तो फक्त उजवा हात खिशात घालेल.

आणि रात्रीची वाट पाहू नका. हे सगळं भर दुपारी घडलं. नागपुरात, नंदनवन वस्तीत, दुसऱ्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत, मे महिन्यात, कूलर चालू असताना.

अंकुश त्याचं नाव.

एके काळी अंकुश खेळायचा. डावखुरी फिरकी टाकायचा, पण बॅट उजव्या हाताची. आणि बॅटिंग अशी, की मैदानाकडेचा चहावाला दूध उतू जाऊ द्यायचा. एकच खोड होती. त्याच्या तळहातांना घाम फार. हिवाळ्यातसुद्धा हात ओले. आई तुरटी चोळायची, तो मातीत हात घासायचा, तरी घाम झिरपतच राहायचा, विहिरीच्या झऱ्यासारखा.

तेव्हा इंग्लंडच्या एका काउंटीचा संघ सरावाला नागपुरात आला होता. अशा वेळी नेटमध्ये बॉलिंग टाकायला गावातली पोरं बोलावतात. अंकुशलाही बोलावलं.

त्या संघात मार्क एल्सवुड नावाचा पोरगा होता. अंकुशच्याच वयाचा. उंच, लालबुंद, फास्ट बॉलर. बॅटिंगला नवव्या नंबरवर यायचा, तेही कसाबसा. अंकुशनं त्याला त्या दिवशी इतक्यांदा बोल्ड केलं, की तोच हसायला लागला.

शेवटी नेटवाल्या पोरांना थोडी बॅटिंग देतात. अंकुशचा नंबर आला. त्याच्याकडे ग्लोव्हज नव्हते. एल्सवुडनं आपले काढून दिले. घामानं चिंब.

अंकुशचे कोच भैयाजी मागून म्हणाले, "आधी उन्हाले दे गा. दुसऱ्याचे ओले ग्लोव्हज घालू नाही. त्याचा हात अजून आत असते."

भैयाजींच्या क्लबात हा नेमच होता. भिंतीवर ग्लोव्हजची रांग वाळत पडलेली असायची, पापडासारखी.

पण इंग्लंडवाले पाहत होते. अंकुश थांबला नाही.

त्यानं ते तसेच ओले घातले...

आणि काय खेळला तो त्या संध्याकाळी! एल्सवुड नेटची जाळी धरून, तोंड उघडं टाकून पाहत उभा होता. मग त्यानं तेच ग्लोव्हज परत चढवले आणि पुन्हा बॅटिंगला उतरला. बसमध्ये चढताना ती जोडी त्यानं अंकुशच्या हातात ठेवली. "फॉर यू, मेट."

त्याच महिन्यात अंकुशची निवड चाचणी होती.

बॅट हातात घेतली, तर ती परक्याच्या घरी आल्यासारखी वागायला लागली. सरळ धरली की वाकडी जायची. त्याची निवड झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्यानंतर बुटीबोरी, कापडाची गिरणी, पहिली शिफ्ट.

आणि तिकडे एल्सवुड? नववरून सातवर आला. सातवरून पाचवर. शतकं ठोकायला लागला. पेपरात त्याला ऑलराउंडर म्हणायला लागले.

अंकुश ते सगळं मोबाइलवर पाहायचा. त्याच्या मनात असं काही जळत राहायचं, की समोरचं ताट गार होऊन जायचं. एल्सवुडच्या कव्हर ड्राइव्हमध्ये शेवटी मनगट जरा हलकं सुटायचं. ते मनगट अंकुशच्या ओळखीचं होतं. गावात दुसऱ्या कुणाचंच तसं सुटत नव्हतं.

"पाहून राहिली का वं?" तो बायकोला म्हणायचा. "माही बॅटिंग खेळून राहिला तो."

मयुरी हसायची. "मंग त्याले म्हणा, पगारही पाठव."

ग्लोव्हज लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात होते. कोरडे ठाक. इतक्या वर्षांत चामडं लाकडासारखं झालं होतं.

मग तो मे महिना आला. बाहेर लू. दोरीवरचं लुगडं काढेपर्यंत वाळायचं. दुपारी मयुरीनं कपाट उघडलं आणि तिथंच थांबली.

"तुमी हे धुतले का?"

"काय?"

"हे हातमोजे."

"नाही वं. काहून?"

तिनं ते पुढे धरले. बोटांच्या टोकांवरून थेंब गळत होते...

टप्.

टप्.

बाकी कपाट कोरडं होतं. खालची साडीही कोरडी.

अंकुशनं वास घेतला. ताजा घाम. मग, का कोण जाणे, त्यानं मोबाइल उघडला. इंग्लंडात तेव्हा सकाळ. सामना नुकताच सुरू झालेला.

एल्सवुड बॅटिंग करत होता.

त्यानंतर अंकुशनं पाळतच ठेवली. एल्सवुड मैदानात उतरला की ग्लोव्हज ओले. तो बाद झाला की कूलरची हवाही न लागता कोरडे. ज्या दिवशी सामना नाही, त्या दिवशी ते लाकूडच.

तो भैयाजींकडे गेला. म्हातारे खाटेवर पडून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अंकुशचा उजवा हात हातात घेतला आणि तळवा कितीतरी वेळ अंगठ्यानं चोळत राहिले.

"अंकुश, तुह्या हाताले घाम काहून नाही गा?"

अंकुशनं पाहिलं.

बाहेर आग बरसत होती. कपाळावर घाम, मानेवर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. आणि दोन्ही तळहात... कोरडे. पिठात घातल्यासारखे.

कधीपासून?

त्याला आठवेना. तुरटी कधी बंद झाली तेही आठवेना.

घरी परतताना त्याला एकच गोष्ट ठाऊक होती. आपले हात चोरीला गेले आहेत. चोर तिकडे हिरव्या गवतावर टाळ्या घेत उभा आहे.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून तो घरी आला. मयुरी शेजारी गेली होती. मोबाइलवर एल्सवुड नव्वदीच्या पुढे होता. अंकुशनं कपाट उघडलं. ग्लोव्हज नुसते ओले नव्हते, कोमट होते. आतून कुणाचा तरी हात आत्ताच निघाला असावा तसे.

उजव्या ग्लोव्हचा अंगठा कप्प्याच्या कडेवरून बाहेर आला होता.

त्यानं तो आत सारला नाही.

दार लोटलं. सावकाश. मग खांद्यानं जोर लावला.

कट्ट...

आवाज चामड्याचा नव्हता.

मोबाइलमधला समालोचक बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, चेंडू उजव्या अंगठ्यावर बसला आहे. एल्सवुड खाली बसला आहे.

खरं सांगायचं तर अंकुशला त्या क्षणी गार वाटलं. कितीतरी वर्षांनी पोटभर जेवला तो.

एल्सवुडचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशनं झाली. तो परत आला, पण नवव्या नंबरवर, कसाबसा. पुढच्या मोसमात त्यानं खेळणं सोडलं.

शेवटची मुलाखत अंकुशनं मयुरीला शेजारी बसवून ऐकली. इंग्रजी त्याला बोलता येत नाही, पण कळतं. तो तिला एकेक वाक्य सांगत होता.

"म्हणते, बॅटिंग माझी कधीच नव्हती. भारतात एका गावात एक पोरगा खेळताना पाहिला होता... त्याचं नाव विचारायचं राहून गेलं."

"मंग?"

"म्हणते, त्या दिवसापासून ग्लोव्हजमध्ये मी एकटा नसायचो. माझ्या हाताच्या आत आणखी एक हात असायचा. ओला. बॅट तोच फिरवायचा. माणसं हसतील म्हणून कोणाले सांगितलं नाही."

एल्सवुड पुढेही बोलत होता. पण अंकुशचा आवाज थांबला.

"अहो, पुढं काय म्हणते?"

तो कपाटाकडे पाहत होता.

"म्हणते... अंगठा मोडला तेव्हा चेंडू नंतर लागला. आधी आतला हात किंचाळला."

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही.

ग्लोव्हज मात्र कोरडेच राहिले. पावसाळा गेला, थंडी गेली. एल्सवुड खेळत नव्हता, म्हणजे विषय संपला, असं मयुरी म्हणायची.

या एप्रिलमध्ये, भर दुपारी, तिनं हाक मारली.

कपाटाच्या तळाशी पाणी साचलं होतं. डावा ग्लोव्ह कोरडा. उजवा... चिंब.

अंकुशनं तो हातात घेतला. बराच वेळ छातीशी धरून बसला, लेकराला धरावं तसा. आपलंच आहे ते, आपण परत घेऊ, एवढंच त्याच्या मनात होतं. मग त्यानं हळूच आपला कोरडा हात आत घातला.

हात जाईना.

बोटं आखडली, मनगट वळवलं. अर्ध्यावरच अडलं.

"लहान झाला का?" मयुरीनं विचारलं.

अंकुशनं मान हलवली. ग्लोव्ह लहान नव्हता.

आत जागा नव्हती.

आतल्या चार बोटांनी त्याच्या बोटांना मागे ढकललं. चारच. अंगठ्याच्या ठिकाणी काहीतरी मऊ होतं, हाडाशिवायचं.

ग्लोव्ह त्याच कप्प्यात आहे. टाकायची हिंमत दोघांचीही झालेली नाही.

फक्त मयुरी आता कपाटाचं दार पूर्ण लावत नाही. झोपायच्या आधी हात लावून पाहते, आणि अंगठाभर उघडं ठेवते.