मला पाणी चावतं!

“पकडा तिला! आंघोळ न करता पळतेय!” मावशी ओरडली.

झिपरी पलंगाखाली घुसली. सुट्टीसाठी ती मावशीकडे आली होती आणि आल्यापासून तिच्या अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठत होत्या. मावशीच्या मते कारण एकच, अस्वच्छता! गांधी उठल्या, की ढकल पुन्हा न्हाणीघरात! काकांनी दोनदा साबण बदलला, पण गांधींना त्याचं काहीच सोयरसुतक नव्हतं.

“मला पाणीच चावतं!” झिपरी कळवळून सांगायची.

“याला आंघोळीचा कंटाळा म्हणतात,” काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले. “उद्यापर्यंत गांधी थांबल्या नाहीत, तर तुला घरी पोचवतो.”

घरी? सुट्टी तर आत्ता कुठे सुरू झाली होती! झिपरीला रडूच कोसळलं.

तिची मावसभावंडं, चष्मेवाला प्रोफेसर आणि धाकटी फुगी, सरपटत पलंगाखाली आली.

“आंघोळीत असतं काय? साबण, ऊब आणि पाणी,” प्रोफेसर कुजबुजला. “एकेक वेगळं करून बघू!”

झिपरी पालथी पडली. पाठीवर एकीकडे कोरडा साबण घासला, दुसरीकडे टॉवेलवर शेकायची पिशवी ठेवली आणि मधोमध साध्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं.

“हलू नकोस!”

“मग फुगीला गुदगुल्या थांबवायला सांग!”

बऱ्याच वेळाने त्यांनी सगळं उचललं. साबणाच्या जागी काही नाही, शेकाच्या जागी काही नाही. फडक्याखाली मात्र गांधीच गांधी!

“चौकोनी उठल्यात! अगदी फडक्याच्या मापाच्या!” फुगी किंचाळली.

काकांचा पेपर खाली पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्वतः ओलं फडकं ठेवून पुन्हा तपासलं. “पाण्याची अॅलर्जी. फार क्वचित दिसते, पण असते, आणि अशी अचानक सुरूही होते. रोज गोळी, झटपट आंघोळ आणि लगेच अंग कोरडं करायचं.”

“पाणी प्यायचं ना?” झिपरीने विचारलं.

“खुशाल! शाबास रे पोरांनो! मोठ्यांनी साबण बदलले, तुम्ही डोकं चालवलंत. पण यापुढे प्रयोगाआधी मला विचारायचं!”

मावशीचा चेहरा उतरला. “आणि मी औषध म्हणून हिला आंघोळच घालत होते!” डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हात पसरून धावली.

“थांब, मावशी!” झिपरी टेबलामागे पळाली. “आधी डोळे पूस! तेही पाणीच आहे!”

मावशीने घाईघाईने डोळे कोरडे केले आणि तिला कुशीत घेतलं. “तू खरंच सांगत होतीस गं. मीच ऐकलं नाही.”

तेवढं ऐकलं आणि झिपरीलाच हुंदका फुटला.

“टॉवेल!” सगळे एकदम ओरडले.