पाठमोरी पंचफुला

अकोल्यात खोली शोधताना सहा घरांनी मला परत पाठवलं. आधी खोली दाखवायचे आणि मग हळूच आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की कुणाचा भाचा शिकायला येणार असायचा, कुणाच्या भिंतीला ओल असायची. सातव्या घरी गोदाबाईंनी आडनाव विचारलंच नाही.

"काय करतं तू?"

"शाळेत ड्रॉइंग शिकवते."

"चित्र काढतं? मंग ये."

ही एकोणसाठची गोष्ट. मोर्णा नदीच्या बाजूला जुन्या शहरात पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढं फरशीचं अंगण आणि अंगणाला लाकडी फाटक. मी मूळची नांदगाव खंडेश्वरची. छप्पन्न साली बाबांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. नवस, उतारे, अंगात येणं त्या दिवशी कायमचं सोडलं, आणि मला तर ते आधीही पटत नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते. पुढचं ऐकलं की लोक मला कीव केल्यासारखं बघतात आणि माझं डोकं फिरतं.

गोदाबाई साठीच्या पुढच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांचे यजमान केशवराव आधी अमरावतीला ड्रॉइंग मास्तर होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या एका तंबूत त्यांनी एक परदेशी चित्रपट पाहिला. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप बाहेर येतात, रांगेत चालतात, परत पेटीत जातात. लोक हसले आणि घरी गेले. केशवराव अकरा दिवस रोज जाऊन बसले. बाराव्या दिवशी त्यांना उमगलं, की काडी कुणीतरी हातानं सरकवतो, हात बाजूला घेतो, कॅमेऱ्यानं एक चित्र काढतो, पुन्हा सरकवतो. मग नोकरी सोडून ते मुंबईला गेले. एका कंपनीत दोन वर्षं असलीच कामं केली, पडद्यावर नाव कधी आलं नाही. दांडा फिरवून चालवायचा एक जुना कॅमेरा आणि फिल्म दाखवायचं यंत्र घेऊन अकोल्यात येऊन राहिले. त्यांची एक वही होती. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेलं: हात काढल्याशिवाय दांडा फिरवू नये. माझ्या शाळेतल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मी ती वही जास्त वेळा वाचली असेल.

त्या वहीबरोबर ट्रंकेत एक डबा होता, आणि एक लाकडी नंदी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत गावभर फिरतात. हा नंदी वीतभर उंच, एक शिंग तुटलेलं.

"माह्या पंचफुलाचा," गोदाबाई म्हणाल्या. "पोट्ट्यांचा सण, पोरीले काहून नंदी, असे लोकं बोलत. हे म्हनत, बोलू दे."

डब्यातली फिल्म आक्रसून गेली होती, दोन्ही कडांची भोकं फाटलेली. यंत्रावर चढणं शक्यच नव्हतं. अंगणात उन्हाकडे धरून मी ती भिंगातून एकेक चित्र पाहिली. कॅमेरा घरात, उंबऱ्यामागे. समोर अंगण, टोकाला फाटक. सात वर्षांची पोर नंदी ओढत आपल्यापासून दूर चालली आहे. केशवरावांनी तिलाही नंदीसारखंच केलं होतं: एक पाऊल टाक, थांब, चित्र, पुन्हा एक पाऊल. सुतळी तिच्या हातात आणि सुतळीचं टोक तोंडात असावं, कारण ते गालाच्या एका बाजूनं बाहेर आलेलं दिसत होतं.

"चावायची खोड होती," गोदाबाई म्हणाल्या. "समोरचा दात पडला होता न तवा. त्या फटीत घालून चावे."

शेवटच्या चित्रात ती फाटकाबाहेर गेलेली होती. तेवीस सालच्या तान्ह्या पोळ्याला हे चित्रण संपलं आणि तासाभरानं ती त्याच फाटकातून पोरांच्या मिरवणुकीत गेली. नंदी संध्याकाळी फाटकाशी उभा सापडला. पंचफुला सापडली नाही. विहिरी पाहिल्या, मोर्णेचं पात्र पाहिलं, कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत पोर दिसली असं कुणी म्हणालं तर केशवराव तिथंही जाऊन आले.

"आणि परत येताना? तिला परत येताना नाही काढलं?" मी सहज विचारलं.



"मी म्हनलं होतं, येतानी बी काढा. तर म्हने, कशाले फिलम वाया घालवाची? हेच उलटी फिरवली का येते वापस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग ते रोज उलटी फिरवत. आठ वर्सं, मरेपर्यंत. येते नं, येते तं खरी. पाठमोरी येते माय. तोंड नाई दिसत. पाठीकून आलेलं लेकरू घरी आलं म्हनतेत का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू आवरेना.

एकसष्टच्या एप्रिलात नोटीस आली. रस्ता रुंद होणार, जूनमध्ये घर पडणार. गोदाबाईंनी घराबद्दल एक शब्द काढला नाही. चांदूर बाजारला भाचा होता, तिथं जायचं ठरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे दारच नाई राह्यलं तं ती कोन्या दारानं येईन?"

मी म्हटलं, "नंदी तर आहे. चित्रात मी त्याला फाटकातून परत आणते, तोंड इकडे करून."

का म्हटलं, ते विचारू नका. सहा दारं माझ्या तोंडावर बंद झाली होती आणि हे एक उघडलं होतं. आता जीव गेला तरी करायचंच, असं मी ठरवलं.

माझा मावसभाऊ धर्मपाल अमरावतीला सरकारी प्रसिद्धी खात्यात होता. गाडी घेऊन गावोगाव माहितीपट दाखवायचा.

"येडी झाली का वं तू? सायबाले समजलं तं नोकरी जाईन माही!"

"सुट्टीपुरता कॅमेरा दे. फिल्मचे पैसे मी भरते."

"लाकडाचा बैल पाह्याले?"

"हो. लाकडाचा बैल पाह्याले."

कुरकुरत त्यानं कॅमेरा आणून दिला.

उंबऱ्यामागच्या फरशीवर केशवरावांच्या कॅमेऱ्याच्या तिवईचे तीन ओरखडे अजून होते. तिथंच मी तिवई लावली. जुन्या चित्रांत फाटकाची सावली उंबऱ्यापासून तिसऱ्या फरशीच्या सांध्यावर पडलेली होती. मे महिन्यात ती सकाळी तिथं जेमतेम पाव तास टिकायची. तेवढ्यात वीस वेळा नंदी सरकवून व्हायचा. फाटकातून उंबऱ्याकडे एक बोट सरकवायचा, आत येऊन दोन चित्रं घ्यायची, पुन्हा बाहेर. जिथं काम थांबेल तिथं चाकांभोवती खडूनं खूण. जुनी सुतळी कुजली होती. मी बाजारातून नवी आणली, टोकाला गाठ मारली आणि नंदीच्या पुढं फरशीवर सरळ पसरून ठेवली. गोदाबाई उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसत.

तिसऱ्या दिवशी नंदी खडूच्या खुणेपुढं दोन बोटं होता. फरशीला उतार असेल म्हणून मी परातीत पाणी भरून ठेवलं. पाणी फाटकाकडे कललं. उतार उलट्या दिशेला होता.

मग मी चाकांपुढं खडे लावले. पाचव्या दिवशी सकाळी खडे बाजूला पडलेले दिसले. मांजर असेल, म्हटलं.

सहाव्या दिवशी मी कॅमेऱ्याशी वाकले असताना बाहेर चाक करकरलं. डोळा लावून पाहिलं तर नंदी जागच्या जागी.

"वाजलं," गोदाबाई म्हणाल्या.

"वारा आहे, आई."

"हं," त्या म्हणाल्या. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

आठव्या दिवसापासून तो हलका झाला. हे मी नेमकं सांगते, कारण हाताला कळतं. पहिल्या दिवशी त्याला जोर लावून ढकलावं लागे, चाकं गंजलेली होती. आता बोट लावलं की पुढून कुणी ओढल्यासारखा येई. सोडून द्यावं असं एकदा मनात आलं, आणि स्वतःचाच राग आला. वहीतलं वाक्य मोठ्यानं म्हणत मी काम करत राहिले. हात काढला, मगच बटण दाबलं. एकदाही चुकले नाही.

अकराव्या दिवशी नंदी उंबऱ्यावर आला. शेवटची दोन चित्रं काढून मी त्याला उचलून आत घेतलं आणि फिल्म मुंबईला धुवायला गेली.

ती परत आली तेव्हा घर पडायला दोन दिवस उरले होते. भर दुपारी धर्मपालनं यंत्र मांडलं. खिडकीला घोंगडी, दाराला सतरंजी, भिंतीवर माझी पांढरी चादर. गोदाबाईंना मी अगदी पुढं बसवलं.

"अर्ध्या मिनिटाचं काम हाये," धर्मपाल म्हणाला. "डोळे मिटू नोको मावशी."

यंत्र सुरू झालं. अंगण आलं, फाटक आलं. फाटकातून एक शिंग तुटलेला नंदी आत आला आणि आमच्याकडे चालू लागला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

मग माझं लक्ष सुतळीकडे गेलं.

ती फरशीवर नव्हती.

नंदीच्या गळ्यातून निघून ती पुढं, वर, ताठ ताणलेली होती. मुलाचा हात जिथं येईल तिथपर्यंत. तिथं ती मुडपली होती आणि तिचं टोक आणखी वीतभर वर, अधांतरी.

"तार लावली होती का वं?" धर्मपालनं कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मंग?"



नंदी येत होता. तिसरी फरशी. दुसरी. सुतळी दर पावलाला थोडी ढिली, पुन्हा ताठ. पाऊल टाक, थांब.

गोदाबाई पुढं झुकल्या. त्यांना माझा चेहरा हातभरावरून दिसत नसे.

नंदी उंबऱ्यापाशी आला. सुतळी एकदम सैल पडली.

चादर पांढरी झाली. फिल्मचं शेपूट फडफडत राहिलं, आणि धर्मपाल ते थांबवायचं विसरून गेला.

"दात आला का वं तुले?" गोदाबाई म्हणाल्या. लाडानं, हसून. चादरीकडे नाही, आपल्या डाव्या बाजूला, खाली पाहून.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत सामान चढलं. स्टँडपर्यंत सोडायला मीही गाडीत बसले. रोहिणी नक्षत्र कोरडंच चाललं होतं. हवा अशी की वाळत घातलेलं लुगडं तासाभरात कडक व्हायचं. मागं मजुरांनी फाटक उखडायला घेतलं होतं. गोदाबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"शालू, सरक जराशी," त्या म्हणाल्या. "दाटून राह्यलं तिले."

मी नागपूरच्या मैदानावर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आहेत, आणि आजही त्या पाळते. मी सरकले.

नंदी आमच्या दोघींमधल्या मोकळ्या जागेत उभा होता. तो चाकांवर हलत होता म्हणून मी सुतळी हातात धरली. मी मारलेली गाठ सुटली होती. टोकाचे धागे चावून चावून विस्कटले होते, आणि ते ओलं होतं.