निजलिंग खेळायला येतो

बसा. पण आधी ते मोबाइल तिकडं कोनाड्यात ठेवा. हसू नका, कारण मी सांगतोय ते पिंगळीच्या राजशेखरच्या घरात घडलेलं. खताचं दुकान त्याचं, आणि माझं रोजचं उठणं-बसणं तिथंच. हे त्यानं सांगितलं तेव्हा भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

मागच्या सालची येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या. दिवसभर शेतात भज्जी-आंबील खाऊन गाव सुस्तावलं होतं, आणि राजशेखर बहिणीला आणायला स्टेशनावर निघाला. महानंदा नांदेडहून येणार होती. पॅसेंजर नेहमीसारखी रखडली, दहा वाजून गेले. घर जवळच, म्हणून दोघं पायीच निघाले. पिशवी त्याच्या खांद्यावर.

राजशेखर लय संशयी माणूस. स्वतःच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यानं चिकटपट्टी लावलेली. बँकेतून फोन आला तर हाच समोरच्याची उलटतपासणी घ्यायचा. पण दहा वर्षांच्या लेकीपुढं, त्रिवेणीपुढं, त्याचं काही चालत नसे. जुना मोबाइल तिच्या हाती गेला आणि तिनं त्यात सोंगट्यांचा एक खेळ घेतला, सगळी पोरं खेळतात तसला. खेळानं माईक मागितला, कॅमेरा मागितला, तुम्ही कुठं राहता ते मागितलं. पोरीनं न वाचता सगळ्याला होकार दिला. तुम्ही तरी कुठं वाचता?

वाटेत त्यानं बहिणीपुढं मन मोकळं केलं. महिना झाला, एकच गडी पोरीशी रोज खेळायला येतोय. मुद्दाम हरतो. तिला ताई म्हणतो. बोलत नाही, नुसतं लिहितो. आज घरात काय शिजलं, आई कशानं रडली, सगळं त्याला ठाऊक असतं. कुणी हरामखोर माईकमधून घर ऐकतोय आणि एक दिवस पोरीला घराबाहेर बोलावणार, ही भीती राजशेखरच्या पोटात घर करून बसली होती. सकाळी उठून तो मोबाइलच फोडणार होता.

"नाव काय लावतोय त्यो?" महानंदानं विचारलं.

"निजलिंग."

महानंदा जागेवर थांबली. पुढं पाऊल टाकेना.

"का गं?"



त्रिवेणीबरोबर एक भाऊ जन्मला होता. जुळा. बारशाआधीच गेला. शेताच्या बांधाशी त्याला पुरला, तेव्हा महानंदानंच त्याच्या कपाळावर भस्म लावलं होतं. एवढं राजशेखरला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिनं आता सांगितलं. बिननावाचं लेकरू मातीत कसं घालायचं, म्हणून बारशात आत्या करते तसं तिनं त्याच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. एकदाच.

राजशेखरचा संशय तरी सुटेना. "कुनापशी तरी बोलली असशील तू. फोनजवळ."

"न्हाई रे. तुला बी आजच सांगायले. त्या कानाबिगर कुनालाच ठाव न्हाई."

मग दोघं पळतच सुटले.

घराचं दार उघडं. त्रिवेणीची आई आत गाढ झोपलेली. ओट्यावर त्रिवेणी उभी. पायात चपला. हातात मोबाइल.

"कुठं निघालीस?"

"त्यो बोलवायलाय, पप्पा. अंधारात एकटाच हाय म्हणतोय."

राजशेखरनं मोबाइल हिसकावला. खेळात समोरचा गडी कुठं आहे ते दाखवणारा नकाशा उघडा होता. त्यावर एक ठिपका. त्यांचंच शेत. बांधाचा कोपरा.

ठिपका हलत नव्हता.

मग हलला...

गावाकडं.

राजशेखरनं बटण दाबलं. मोबाइल बंद होईना. पुन्हा दाबलं. ठिपका वळणावर. ठिपका गल्लीत. त्यानं पोरीला पोटाशी घट्ट धरलं. गल्लीत पाहिलं. कुणी नव्हतं. कुत्रंसुद्धा नाही.

ठिपका ओट्यापाशी थांबला.

महानंदानं मोबाइल आपल्या हातात घेतला. माईकचं बारीक छिद्र तिनं ओठांशी धरलं, तान्ह्या लेकराचा कान धरावा तसं.

"निजलिंगा... ताईला हितंच राहू दे. तू झोप, बाळा."



ठिपका विझला.

त्याच रात्री राजशेखरनं खेळ काढून टाकला. मोबाइल बंद करून लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. पोरीला मध्ये घेऊन सगळी उजाडेपर्यंत जागी बसली. तेव्हाही तो म्हणत होता की ही खेळवाल्यांचीच काहीतरी बदमाशी असणार.

सकाळी मोबाइल फोडायचा म्हणून त्यानंच कुलूप काढलं.

काचेवर भस्म होतं. तीन आडव्या रेघा, बोटांनी ओढलेल्या.

राजशेखरनं आपली बोटं त्यांवर ठेवून पाहिली. मग महानंदानं. मग त्रिवेणीनं. कुणाचीच बसेनात.

लय बारीक बोटं होती ती.