पाळण्यातला दुसरा श्वास

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

गाव राहनाळ, भिवंडीजवळचं. साल १९७४, पौष महिना, भर दुपार.

माझी धाकटी जाऊ काशी आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. पोर ओंजळीएवढं, तरी घरभर त्याचंच कौतुक. दोन वर्षांपूर्वी माझं बाळ त्याच पाळण्यात धापा टाकत गेलं, तेव्हा 'देवाची मर्जी' म्हणून सगळे जेवायला बसले होते.

माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

सकाळी नर्स सीताबाई आली. काशी झोपली होती, म्हणून मलाच बजावलं.

"गोदू, पोराला धुरी द्यायची न्हाय. छातीत खड्डा पडाया लागला का लगेच दवाखान्यात न्यायचं."

मी मान डोलावली. कुणालाच सांगितलं नाही.

दुपारी सासूबाईंनी पोराला न्हाऊ घातलं. शेगडीत ओवा, वावडिंग टाकलं.

"धुरीनं छाती मोकली व्हते," त्या म्हणाल्या. पोराला पाळण्यात ठेवून काशीला शेक द्यायला आत गेल्या.

पोराचा श्वास वाजू लागला. घुर्र... घुर्र... छातीत खड्डा पडत होता.

मी जागची हलले नाही.

तेवढ्यात... पाळण्यातून दुसरा श्वास आला.

हळू, ओला. शेवटी बारीक शिट्टी.

तो मी लगेच ओळखला. माझ्या बाळाचा होता.

दोरीला कुणाचा हात नव्हता, तरी पाळणा एका बाजूला कलला... आत आणखी कुणी निजल्यासारखा.

मग काशीचं पोर गप्प झालं. दुसरा श्वास मात्र चालूच राहिला.

माझ्यासारखंच माझं बाळही त्या पोरावर जळत होतं. मला माझीच भीती वाटली.

मी पोराला उचललं, पोटाशी धरलं आणि रस्त्याकडे धावले. एक टेम्पो थांबला. दवाखान्यात पोराला नळी लावली. आठ दिवसांनी ते घरी आलं.

"जाऊबाय, तुमी व्हता म्हून माजा मोरू वाचला," काशी माझ्या पाया पडली. सीताबाईचा निरोप माझ्या घशातच राहिला.

पोराला दवाखान्यात ठेवलं, त्याच रात्री मी रिकाम्या पाळण्याजवळ गेले होते.

श्वास चालूच होता...

माझ्या लेकरासाठी मी अशी कधी धावले नव्हते. घरचे थांब म्हणाले, मी थांबले. आणि आता त्याला तिथंच टाकून दुसऱ्याचं उचललं.

मोरू आता बाप झालाय. मला 'मोठी आय' म्हणतो.

तो घरात हाक मारतो, तेव्हा माळ्यावर टाकलेला पाळणा... करकरतो.

म्हणून मी त्याला सांगते, बाबा, हाक मारायची तर अंगणातून मार.