टोपीच्या आतली ओल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण ही रचलेली गोष्ट नाही. आमच्या धाकट्या काकूच्या घरात घडलेली आहे. आणि यात अमावस्या, मध्यरात्र असलं काहीही नाही. सगळं लख्ख उन्हात झालं.

उन्हाळ्यातला रविवार होता.

काका एअरफोर्समधून निवृत्त. त्यांच्या जुन्या तुकडीचं जेवण वायरलेसभाऊजींच्या घरी होतं. नोकरीत वायरलेस सांभाळायचे, म्हणून त्यांना तेच नाव चिकटलं. सगळे म्हातारे हौसेने जुनी निळी टोपी घालून आले होते. टोप्या दारामागच्या खुंट्यांवर गेल्या आणि गप्पा रंगल्या.

गप्पा म्हटल्या की काकांचा तो किस्सा ठरलेलाच.

तुकडीत एक नवा पोरगा आला होता. डोकं मोठं, म्हणून नाव पडलं भोपळा. परेडच्या सकाळी काकांनी आणि आणखी दोघांनी मेसच्या मोरीतला तेलकट गाळ त्याच्या टोपीत आतून फासला. परेडमध्ये सावधान उभं राहायचं, बोटसुद्धा हलवायचं नाही. ऊन तापलं, गाळ पातळ झाला, आणि...

"...आणि आमच्या भोपळ्याला फोडणी बसली!"

सगळे मांड्या थोपटत हसले. काकूने हातातला घास ताटात ठेवला. हा किस्सा हटकून जेवतानाच निघायचा.

घरी आल्यावर तिने टोपी कपाटात ठेवायला उचलली.

बोटं आत चिकटली.

आतली चामड्याची पट्टी ओली होती. कोमट होती. आत्ताच कुणीतरी डोक्यावरून काढावी तशी...

आणि वास. तुंबलेल्या मोरीचा, खवट तेलाचा.

तिने पट्टी उलटून पाहिली. पट्टीला बारीक काळे केस चिकटले होते. मुळासकट.

काकांचं डोकं म्हणजे घासलेलं पातेलं!

"अहो, ही कुणाची टोपी उचलून आणलीत?"

"माझीच की. मला माझी टोपी कळत नाही का?"

तेवढ्यात फोन वाजला. वायरलेसभाऊजी.

"वहिनी, त्याला सांगा, टोपी इथेच विसरलाय. खुंटीवर आहे."

"मग ह्यांनी आणलीय ती कुणाची?"

"म्हणजे? बाकीचे तर आपापली घेऊन गेले. माझ्यासमोर."

तिने फोन ठेवला.

काकूने टोपी सोड्याच्या पाण्यात उकळली. उन्हात टाकली. कापड खडखडीत वाळलं. पट्टी ओलीच. शेवटी तिने ती मागच्या दाराबाहेर, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात कोपरापर्यंत धुतले.

पुढच्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. पानं वाढली. काका आतून आले...

डोक्यावर तीच टोपी होती.

"वा, बाबा!" जावई म्हणाला. "आता भोपळ्याचा किस्सा होऊन जाऊ द्या."

काका बसले. ताठ. हात मांड्यांना चिकटलेले.

"ऊन तापलं," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यात गंमत नव्हती. "ते पातळ झालं. आधी कानामागे आलं. मग डोळ्यांत."

जावई हसायच्या तयारीत होता.

"मला पुसता येत नव्हतं."

मला?

काकूने वाढायचा डाव खाली ठेवला.

"मागे सगळे हसत होते. ते तोंडात गेलं. थुंकायची परवानगी नव्हती... मी गिळलं."

"बाबा, पुरे," लेक म्हणाली.

"रात्री नळाखाली डोकं धरलं. वास जाईना. विटेच्या तुकड्याने घासलं. केस निघाले. वास नाही निघाला. मग... केसांच्या खालचं घासायला घेतलं."

टोपीखालून एक काळपट ओघळ निघाला. कपाळावरून नाकावर आला. शेंड्याशी क्षणभर लोंबला...

टप्प.

ताटात.

लेक तोंड दाबून मोरीकडे धावली. काकूने टोपी ओढली. जखमेवरची पट्टी सुटावी तसा आवाज झाला.

खाली टक्कल स्वच्छ होतं. कोरडं.

"अगं, काय करतेस?" काका चिडले. "मी अजून किस्सा सुरूही केला नाही!"

काकूने टोपी चिमट्यात धरून अंगणात नेली, रॉकेल ओतलं आणि जाळली. धूर अंगाला तेलासारखा लागला. तिने तीनदा आंघोळ केली.

मग भाऊजींना फोन लावला.

"त्या भोपळ्याचं पुढे काय झालं?"

"त्याला दवाखान्यात नेलं होतं. डोक्याला काहीतरी झालं म्हणे. परत काही आला नाही."

"मेला का?"

"काय माहीत, वहिनी? आम्ही कुणी विचारलंच नाही." आणि ते हसले. सवयीने.

काकू म्हणते, त्या टोपीत हात घातला तेव्हा आली नव्हती एवढी किळस तिला ते हसणं ऐकून आली.

काकांना त्या दुपारचं काहीच आठवत नाही. किस्सा मात्र ते आता सांगत नाहीत.

फक्त हल्ली जेवता जेवता मध्येच थांबतात. मान न वळवता, अगदी हळू विचारतात...

"अगं, माझ्या मागे कोण हसतंय?"

मागे भिंत असते. काकू तसं सांगते. आणि तरीही, त्या भिंतीकडे पाठ करून ती स्वतः बसत नाही.