मेहुणीची चेष्टा

सासऱ्यांच्या गाभण घोड्या खिंडीपलीकडे बर्फात अडकल्या होत्या आणि तिथला चारा संपत आला होता. त्यांना आणायला तिघं निघाले: सासरे कालीबेक, धाकटी मेहुणी बुरुल आणि नवा जावई एरमेक. मेहुणीने दाजींची चेष्टा करायची आणि दाजींनी हार मानायची नाही, ही नारीनच्या डोंगरातली जुनी रीत. सकाळीच बुरुलने त्याच्या चहात मूठभर मीठ घातलं होतं. पठ्ठ्याने हूं की चूं न करता वाडगा रिकामा केला होता!

खिंडीखालच्या उतारावर कालच्या वाऱ्याने बर्फाचा जाड, गुळगुळीत थर साचवला होता. बुरुल घोड्यावरून उतरली आणि थर धरून राहील का ते बघायला खोऱ्याने कडेला खड्डा खणू लागली. वर घट्ट थर, खाली साखरेसारखा भुसभुशीत बर्फ. तिने कोपराने नुसती थाप मारली, तर वरचा थर सटकन घसरला!

“दाजी, इथून नको. वरच्या धारेने जाऊ. उद्या पोचू.”

“म्हणजे गावभर सांगत फिरायला मोकळी! दाजी बर्फाला घाबरले म्हणून!”

“चेष्टा नाही करत हो मी!”

“सकाळी चहा देतानाही हेच म्हणाली होतीस.”

कालीबेक मागे घोड्याचा तंग आवळत होते. ते काही बोलायच्या आत एरमेकने घोडा उतारावर घातला. घोडा थबकला, फुरफुरला. एरमेकने चाबूक ओढला.

“दाजी, मागे फिरा!” लगाम धरायला बुरुल पायीच धावली.

धप्प! वर भेग पडली. अख्खा उतार सुटला!

घोडा जिवाच्या आकांताने उसळला आणि एरमेकला घेऊन कडेला कोसळला. एरमेक उठला. बुरुल कुठेच दिसेना!

कालीबेकना बर्फातून तिच्या रुमालाचं लाल टोक दिसलं. खोरं तिच्याच खड्ड्यात उभं होतं. एरमेकने ते उपसलं आणि वेड्यासारखा उकरत सुटला. सासरे हातांनी उकरत होते. चेहरा लागला. निळा! कालीबेकनी तिच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला. ती खोकली!

एरमेकने खोरं खाली टाकलं. सासऱ्यांकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

“मामा, घोड्या…”

“जगल्या तर वसंतात भेटतील. पोरीला घोड्यावर घ्या, जावईबापू. घरी चला.”

परतताना लगाम धरून तो पायी चालला. एखादा तरी टोमणा येईल म्हणून त्याचे कान मागे लागले होते. बुरुल विचारलं तेवढंच बोलली. “हो, दाजी.” “नको, दाजी.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फडकं बांधलेल्या हाताने त्याच्यापुढे वाडगा ठेवला. मीठ असू दे, असं मनात म्हणत त्याने घोट घेतला.

चहा अगदी चांगला झाला होता. दुसरा घोट काही त्याला घेववला नाही.