बुधवारची पाळी

राजनंदिनीने आपल्या रेडिओ-यंत्राला चांगल्या पाहुण्याचं वळण लावलं होतं. चॅनेल रिकामं दिसलं तर वापरायचं आणि त्याचा मालक बोलू लागला की निमूट बाजूला व्हायचं. मालकाचं सोंग घेऊन कुणी आलं, तर मात्र हलायचं नाही. प्रत्येक ट्रान्समीटरच्या लहरीत स्वतःची थरथर असते, तिच्यावरून खराखोटा ओळखायचा. तिची चार वर्षांची पीएचडी एवढ्यावरच उभी होती.

चाचणीसाठी तिने मिरजगावजवळची कडूबाईंची विहीर गाठली. चॅनेलचा मालक म्हणून ट्रान्समीटरची एक पेटी ठेवली होती. पेटी सुरू केली की यंत्र बाजूला व्हायचं. लॅपटॉपवरून सोंग घेतलं तर ढिम्म. राजनंदिनी खूश, आणि आयती पिठलं-भाकरी मिळते म्हणून दुप्पट खूश.

घोळ फक्त बुधवारचा. अकराच्या ठोक्याला यंत्र बाजूला व्हायचं, पडद्यावर यायचं ‘खरा मालक’, ते थेट बारापर्यंत. तिने पेटीची बॅटरी काढली. पुढच्या बुधवारी पेटी खोलीवरच ठेवून आली. तरी तेच. आता ती मनातून घाबरली.

“बुधवारी अकरा ते बारा या हिरीवर बजरंगभावजींची पान्याची पाळी हाय,” कडूबाई म्हणाल्या. “आमी तेवढा वेळ मोटर लावत न्हाई.”

“ते कुठं असतात?”

“जाऊन सात वर्सं झाली. मागं कुनी न्हाई. म्हनून काय पाळी आपली व्हती व्हय?”

विहिरीपलीकडे बजरंगचा जमिनीचा तुकडा पडीक होता, भेगाळलेला. राजनंदिनी हसली, पण जरा उशिराच.

अंतिम चाचणीला तिच्या पीएचडीच्या सरांना नेमका बुधवारच मोकळा होता. नऊला येणारे सर वाटेत मिसळ हाणून पावणेअकराला आले.

अकरा वाजले. यंत्र बाजूला झालं.

“वा, पेटी सुरू केलीस वाटतं,” सर म्हणाले.

पेटी तिच्या पिशवीत होती, बॅटरीशिवाय. “हो सर,” ती म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान तापले.

सरांनी लॅपटॉपवरून परोपरीने सोंगं घेऊन पाहिली. यंत्र एकालाही फसलं नाही.

“उत्तम. कर बंद पेटी.”

“बाराला होईल सर. वेळ लावलीय.”

बाराला यंत्राने चॅनेल परत घेतलं. सरांनी तिथेच सही केली आणि भाकरीवर ताव मारला. कडूबाई मोटर लावायला उठल्या.

राजनंदिनी गुणगुणत केबल गुंडाळायला निघाली. केबल बजरंगच्या पडीक तुकड्यातून गेली होती. चार महिने पाऊस नव्हता, आणि आज मोटर अजून सुरू व्हायची होती.

ती परतली तेव्हा तिचे बूट घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले होते.